मुकादमाचा नकाशा

ज्या वर्षी करंजवेलच्या गटारांनी हात टेकले, त्याच वर्षी मी नगरपरिषदेत मलनिःसारण विभागाची अभियंता म्हणून रुजू झाले. ‘मलनिःसारण’ हा शब्द फक्त माझ्या टेबलावरच्या पाटीवर होता. गावात मला सगळे ‘गटारवाल्या मॅडम’ म्हणत आणि मला त्याचं काही वाटत नसे. माझे वडील अंबादास डोंगरदिवे याच खात्यात चाळीस वर्षं होते, शेवटची वीस मुकादम म्हणून. त्यांना लोक काय म्हणत ते मी इथे लिहिणार नाही.

जुन्या गावातले नळ भाजक्या मातीचे, ऐंशी वर्षांपूर्वी घातलेले. अकराशे घरांचं सांडपाणी वरच्या गल्लीतून उतरत उतरत बोरणा नदीकडे जायचं, आणि नदीच्या आधी आमचं भीमनगर लागायचं. वर कुठेही नळ फुटला की त्याचा प्रसाद आम्हाला. आमच्या गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर विटांचा एक जादा थर होता, आणि लहानपणी मला वाटायचं की उंबरे असेच असतात.

मशीनने नळ साफ करायची सोय होती, नाही असं नाही. पण नळ आतून ढासळलेला असला की मशीनची नळी तिथे अडकून बसायची. मग मुख्याधिकारी आवाज खाली आणून म्हणायचे, “डोंगरदिवे मॅडम, ठेकेदाराची दोन माणसं आहेत. दहा मिनिटांचं काम आहे.” माझा भगवानकाका असाच दहा मिनिटांच्या कामाला चेंबरमध्ये उतरला होता, सव्विसाव्या वर्षी. तो वर आला नाही. मी इंजिनिअर झाले ती एवढ्याचसाठी, की या गावात पुन्हा कोणी खाली उतरू नये. त्यामुळे मी नाही म्हणायचे, तुंबलेलं तसंच राहायचं, आणि ते माझ्याच गल्लीत यायचं.

दुरुस्तीला एकशे अठरा कोटी लागणार होते. सरकारकडे तीनदा प्रस्ताव गेला आणि तीनदा परत आला, कारण योजनेला लागते तेवढी आमच्या गावाची लोकसंख्या नव्हती. कर्ज काढावं तर घरपट्टी चौपट झाली असती. अशा वेळी ती कंपनी आली आणि म्हणाली, आम्ही फुकट करून देतो.

फुकट म्हटल्यावर आपण जरा सावरून बसतो. मीही बसले. पण त्यांचं शास्त्र मला मनापासून आवडलं, ते आधी सांगते.

काही जीवाणू असे असतात की ते मूत्रातला युरिया खातात आणि त्यातून चुना तयार होतो. हे जुनंच ज्ञान आहे. कंपनीने त्या जीवाणूंचा एक लेप बनवला होता. मांजराएवढं एक यंत्र नळातून सरपटत जायचं आणि आतल्या भिंतीला तो लेप फासत जायचं. जिथे तडा गेलाय तिथे पाणी झिरपतं, तिथे जीवाणूंना खायला सतत मिळतं, म्हणून तिथेच चुना जास्त साचतो. जखमेवर खपली धरावी तसा तडा आपोआप बुजतो. पुढे कधी नवा तडा गेला तर तोही बुजतो, कारण लेप जिवंत असतो आणि त्याचं अन्न आपण रोज नेमाने पाठवत असतो.

त्याच लेपात दुसऱ्या एका जातीचे जीवाणू होते. त्यांना केसाहून हजारपट बारीक तंतू फुटतात आणि त्या तंतूंमधून वीज वाहते. सांडपाण्यात साखर वाढली, औषधाचा अंश आला, शरीरातलं एखादं प्रथिन उतरलं, की ती वीज किंचित बदलते. प्रत्येक बदलाची तऱ्हा वेगळी. थोडक्यात, नळाला जीभ फुटते.

आणि कंपनीला हवी होती ती ही जीभ. नळ दुरुस्त करून द्यायचे आणि बदल्यात तीस वर्षं गावाची चव घ्यायची, तीही घरागणिक. प्रत्येक घराला महिन्याला एक आरोग्यचिठ्ठी मोफत मिळणार होती. बाकीची माहिती कंपनी विमावाल्यांना विकणार होती.

मी करार तीनदा वाचला आणि त्यात एक कलम घातलं, की एकदा फासलेला लेप नगरपरिषदेचा, पुढे काहीही होवो. कंपनीचे अधिकारी सबनीस हसले. “घ्या मॅडम. आम्ही तो खरवडून कुठे नेणार?” सर्वसाधारण सभेने वीस मिनिटांत ठराव मंजूर केला. त्यातली पंधरा मिनिटं चहाची होती.

मग सबनीसांनी एकच गोष्ट मागितली, घरजोडण्यांचा नकाशा. कुठल्या घराचं पाणी मुख्य नळाला कुठल्या तोंडातून मिळतं, त्याचा. ऑफिसातला नकाशा वाळवीने खाल्ला होता. जेवढा उरला होता तेवढा चुकीचा होता, कारण जुन्या गावात जोडण्या कागदावर झाल्याच नव्हत्या. भावाभावांत भांडण झालं की एक भाऊ अंगणातून नळ जाऊ द्यायचा नाही, मग तो परसातून शेजाऱ्याच्या खालून वळवला जायचा. भीमनगरला तर पहिली वीस वर्षं जोडणीच मंजूर नव्हती. ती बाबांनी, अजून साधे मजूर असताना, हळूच एकेक करून दिली. खरा नकाशा एकाच ठिकाणी होता, बाबांच्या डोक्यात.

मी घरी आले तेव्हा बाबा बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो. मी नकाशाचं बोलले.

“कोणाचं पाणी कुठं पडतंय, हे त्या कंपनीला कशापायी पाहिजे?”

“नळ दुरुस्त करायला.”

“नळ दुरुस्त कराया घराचं नाव लागत नाय, रेवा. माझ्याशी खोटं बोलू नको.”

मग मी सगळं सांगितलं. बाबा शेंगा फोडायचे थांबले. “चाळीस वर्षं म्या ह्या गावाचं समदं पाह्यलं. कोण काय खातंय, कोण काय पितंय, कोण आजारी हाय, कोणाच्या घरात काय झालं. चेंबरचं झाकण उघडलं की कळायचं. लोक मला पाणी वरून वाढायचे. त्यायला वाटायचं, ह्याला काय कळतंय. पण एक शब्द कोणापाशी काढला नाय. तुझ्या आईपाशी बी नाय.”

“बाबा, पण नकाशा नाही तर लेप नाही. लेप नाही तर हे असंच चालणार.”

“चालू दे.”

“मग माणसं उतरवू? भगवानकाकासारखी?”

हे मी बोलायला नको होतं. बोलल्याबरोबर मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यायचीही माझी तयारी नव्हती. बाबा उठले आणि आत गेले. पुढचे चार दिवस ते माझ्याशी जेवणापुरतं बोलले.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी हाक मारली. “वही आण.”

त्यानंतरच्या अकरा दुपारी मी कधी विसरणार नाही. मार्चचं ऊन बाहेर पांढरं पडलेलं असायचं. मी अर्धी रजा टाकून यायचे आणि फरशीवर वही घेऊन बसायचे. बाबा बाजेवर आडवे होऊन डोळे मिटायचे आणि जमिनीखाली चालायला लागायचे. “आता डावीकडं वळ. हितं चिंचेचं मूळ आत आलंय, वाकून ये.” मी खरोखर मान खाली घालायचे. “हितं उतार संपतो, पाणी निजतं. आता मोज. बारा, तेरा, चौदावं तोंड, सराफाचं. पंधरावं, गोविंदशेठचं.” त्यांचा आवाज हळू होत जायचा, माझ्या डोळ्यांवर झापड यायची. वरचं गाव मला दिसेनासं व्हायचं आणि खालचंच खरं वाटू लागायचं, ओलं, अंधारं, कुठेतरी दूर पाणी ठिबकणारं. मध्येच बाबा थांबायचे. तोंडाचा नंबर सांगितला की घराचं नाव घेण्याआधी क्षणभर गप्प व्हायचे, मनात बेरीज करावी तसे. मला वाटलं, वय झालं.

मे महिन्यात यंत्रं आली. पावसाळ्याआधी लेप फासून झाला आणि दिवाळीपर्यंत तो नीट धरला. कॅमेरा आत सोडला तेव्हा मी पडद्याला नाक लावून बसले होते. बाबांनी सांगितलं होतं तसंच सगळं होतं, चिंचेचं मूळसुद्धा. पण आता सगळीकडे पांढरा, गुळगुळीत चुना चढला होता आणि कॅमेऱ्याचा उजेड त्यावरून मऊपणे सरकत होता. शंखाच्या आत शिरल्यासारखं वाटत होतं. त्या वर्षी भीमनगरात कोणाच्याही घरात पाणी शिरलं नाही. लोकांनी उंबऱ्यावरच्या विटा काढून अंगणात फुलझाडांना आळी केली. मी संध्याकाळी गल्लीतून चालत जायचे आणि मला एवढा आनंद व्हायचा की चेहरा कुठे लपवू असं व्हायचं.

माझ्या ऑफिसात एक मोठा पडदा बसवला होता. त्यावर नळांचं जाळं आणि त्यात वाहणारे रंग. सकाळी सहाला गाव फिकट जांभळं व्हायचं, मग चहाची तांबूस लाट वरून खाली उतरायची. दुपारी दोनला सगळं मंदावून निळं पडायचं. गाव झोपेत पुटपुटतंय असं वाटायचं. दहावीच्या परीक्षेत काही घरांवर पिवळे ठिपके यायचे, ती धास्ती होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी साखर चढायची. मी तासन्‌तास बघत बसायचे, चहा गार व्हायचा.

मग मी ठिपक्यांवर बोट ठेवून नावं वाचू लागले. वाचायला नको होती, पण वाचली. रस्त्याने जाताना मी माणसांच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्यांच्या दारांकडे बघू लागले. शेजारच्या छायाकाकूंच्या नावावर झोपेच्या गोळ्यांचा रंग होता. मला त्यांची काळजी वाटली. एकदा भाजी निवडता निवडता मी हळूच विचारलं, “काकू, झोप लागत नाही का हल्ली?”

“मला?” काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “अगं, मी उशीला डोकं टेकलं की घोरते. तुझ्या बाबाला इचार, भितीपल्याड ऐकू जातंय.”

दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या चिठ्ठ्या निघाल्या आणि गावात धमाल उडाली. एक्याऐंशी वर्षांचे विधुर गोविंदशेठ यांना ‘आपल्या घरी पाचवा महिना सुरू आहे, अभिनंदन’ अशी चिठ्ठी आली. माळकरी सराफांना दारू कमी करण्याचा सल्ला मिळाला. व्यायामशाळेच्या उस्तादांना साखर सांभाळा म्हणून सांगण्यात आलं, ते तर मारायलाच निघाले होते. गाव आठवडाभर पोट धरून हसत होतं.

सबनीस धावत आले. “मॅडम, पाइप नंबर सगळे करेक्ट आहेत, पण घरांची नावं एकही जुळत नाहीये. घरोघरी रंग सोडून टेस्ट करावी लागेल.” त्यांची माणसं बाटल्या घेऊन फिरली. पण आता लोकांच्या लक्षात आलं होतं की चिठ्ठी बरोबर असती तर काय झालं असतं. अकराशेपैकी नऊ घरांनी दार उघडलं, आणि त्यातल्या चार जणांना वाटलं होतं की रंगपंचमीची वर्गणी आहे.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. “बाबा, हे तुम्ही केलंत.”

“नळ नीट बसले का? तोंडं बरोबर निघाली का?”

“निघाली.”

“मग माझं काम चोख हाय. नावांचं म्हणशील तर, म्हातारा झालोय.” आणि ते बाजेवर आडवे झाले.

“पण कोणाला खरंच आजार असला तर? त्याची चिठ्ठी दुसऱ्याच्या दारात पडणार. त्या माणसाला कळणारच नाही.”

“येईल ना ती माझ्याकडं.”

आणि तसंच झालं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की खालचं सगळं अंबादास मुकादमाला माहीत आहे. एकेक जण चिठ्ठी घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागला. “अंबादासभाऊ, ही काय माझी नाही. कोणाची असेल?” बाबा वाचायचे, तिच्यावरचा तोंडाचा नंबर बघायचे, चिठ्ठी चुलीत घालायचे आणि काही न बोलता बाहेर पडायचे. कुठे जातात ते मी कधी विचारलं नाही. औषधाच्या दुकानदाराने मला एकदा सांगितलं की महिन्याभरात तीन जणांनी साखरेच्या गोळ्या सुरू केल्यात आणि वरच्या गल्लीतली दिवस गेलेली एक मुलगी वेळेवर मोठ्या दवाखान्यात पोचली.

सबनीसांनी शेवटी मला समोर बसवलं. “खरं सांगा मॅडम. वडिलांकडून बरोबर यादी काढून द्या. नाहीतर लेखी द्या की हीच माहिती उपलब्ध आहे.” बरोबर यादी मिळाली असती का, मला माहीत नाही. मी मागितलीच नाही. मी सही केली, ‘उपलब्ध माहितीनुसार नकाशा बरोबर आहे.’ आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावर खोटं लिहिलं, आणि तो कागद सबनीसांपुढे सरकवला. कंपनीने घरागणिक चव घेणं बंद केलं. सबंध गावाची मिळून एकच चव विमावाल्यांना नको होती. सबनीसांची बदली झाली. लेप आमचा होता, तो नळांमध्ये आपला जगत राहिला. चिठ्ठ्यांची शेवटची खेप तेवढी वाटायची होती, ती वाटली गेली.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका दुपारी, दारात विजयाबाई लाठकर उभ्या राहिल्या. कन्याशाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, पंच्याहत्तरीच्या, वरच्या गल्लीत एकट्याच राहायच्या. मी त्यांच्याच शाळेत शिकले, पण त्या भीमनगरात आल्याचं मला आठवत नव्हतं. उतार उतरून त्यांना धाप लागली होती. मी खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेले. घर केवढंसं, बाहेरचं सगळं आत ऐकू येतं.

“अंबादासभाऊ, ही माझ्याकडे आली. आतड्यातून रक्त जातंय म्हणे, आणि त्याबरोबर आणखी काही, ते चांगलं नाही. मी घाबरले हो. पंधरा दिवस सगळ्या तपासण्या करून घेतल्या. माझं काही निघालं नाही.” कागदाचा आवाज आला. “ही कोणाची आहे?”

मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते, आणि मला कळलं की ते खाली चालतायत, नळानळाने.

“पोचंल, बाई. ज्याची हाय त्याला पोचंल.”

विजयाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मी बावीस वर्षांची होते, बिनलग्नाची. आमच्या मोरीचं तुंबलेलं काढायला तुम्ही आला होतात. तुम्हाला काय सापडलं ते मला माहीत होतं. मी कित्येक वर्षं वाट बघितली, आता गावभर होईल, आता होईल. मी तुम्हाला कधी साधं बस म्हटलं नाही. लाज वाटायची.”

“बाई, मला काय बी आठवत नाय बघा,” बाबा म्हणाले.

मी चहा बाहेर नेला. विजयाबाईंनी कप दोन्ही हातांत धरला, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि उठल्या. जाताना त्यांनी बाबांना नमस्कार केला. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले.

परत आले तेव्हा बाबा कुठे बाहेर गेले नव्हते. चिठ्ठी चुलीत गेली नव्हती. ते स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर बसले होते, आणि चिठ्ठी त्यांच्या गुडघ्यावर होती.

“रेवा, जरा बस.”

मी बसले.

“ही आपली हाय. म्हंजी माझी. दोन महिने झाले, रगत जातंय. मला ठावं होतं.”

मला आधी रडू आलं नाही, राग आला. “दोन महिने? आणि त्यातले हे तीन आठवडे फुकट? बाबा, नकाशा बरोबर असता तर ही चिठ्ठी त्याच दिवशी माझ्या हातात पडली असती! तुमच्या त्या नकाशापायी—” आणि मग मी तोंडावर पदर धरला आणि रडले.

“व्हय,” बाबा म्हणाले. “माझ्याच नकाशापायी.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता. “समद्या गावाचं पोटात ठेवलं. वाटलं, आपलं बी ठेवू. पण हे ठेवता येईना बघ.”

बाहेर छायाकाकू नव्या फुलझाडांना पाणी घालत होत्या, त्याचा आवाज येत होता.

“उद्या दवाखान्यात संगं येशील का?” बाबांनी विचारलं. “मला भ्या वाटायलंय.”

चाळीस वर्षं ते जमिनीखाली उतरले होते, आणि हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, “उद्या कशाला, आत्ताच निघू,” आणि त्यांना हाताला धरून उठवलं.